२५० अंश आणि १४६ अंश : ड्रायव्हरमधल्या एरर कोडच्या शिस्तीबद्दल

भोसरी_बोर्ड (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत एम्बेडेड लिनक्सचे काम करतो. आमचे बोर्ड यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बसतात. गेले दोन महिने एका तक्रारीने आम्हा चौघांची झोप उडवली होती. तिचा उलगडा या आठवड्यात झाला आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो इथे मांडतो आहे : ड्रायव्हरने (हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रोग्रामने) काम फसल्यावर कोणता एरर कोड, म्हणजे अपयशाचे कारण सांगणारा आकडा, परत द्यावा?

चाकणच्या एका ग्राहकाकडे आमचा बोर्ड आठवड्यातून एक-दोनदा चालू यंत्र थांबवत असे. पॅनेलच्या आतले तापमान ७० अंशांच्या वर गेले की यंत्र थांबवावे, असा नियम आमच्याच प्रोग्राममध्ये आहे आणि लॉगमध्ये तापमान २५० अंश नोंदलेले असे. ग्राहकाचा मेंटेनन्सचा माणूस लगेच दार उघडून हात लावी, तेव्हा आत सगळे गार असे. आम्ही सेन्सर बदलला, पंखा बदलला, अर्थिंग तपासले, शिल्ड असलेली केबल टाकली. तरी तक्रार तशीच राहिली.

अखेर तीन आठवड्यांचे लॉग समोर घेऊन बसलो. नोंदी अशा होत्या : ४१, ४१, ४२, २५०, ४१. दुसऱ्या दिवशी ३९, ४०, १४६, ४०. सगळे चुकीचे आकडे वेगळे काढले तेव्हा दिसले, की ते फक्त दोनच आहेत, २५० आणि १४६. त्यांच्या मधला किंवा आसपासचा एकही आकडा नाही. तारेत शिरलेला गोंगाट असा मोजून दोन आकडे निवडत नाही. मग सहकाऱ्याने वहीच्या कोपऱ्यात दोन वजाबाक्या केल्या : २५६ वजा २५० म्हणजे ६ आणि २५६ वजा १४६ म्हणजे ११०. लिनक्समध्ये ६ म्हणजे ईएनएक्सआयओ, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी उत्तर दिले नाही. आणि ११० म्हणजे ईटाइमडआउट, म्हणजे वेळेत उत्तर आले नाही. बोर्ड दोन महिने आम्हाला अगदी अचूक कारण सांगत होता आणि आम्ही ते तापमान म्हणून वाचत होतो.

चूक एका ओळीत होती. आयटूसी बसवरून (बोर्ड आणि सेन्सर यांना जोडणाऱ्या तारांवरून) एक बाइट वाचणारे कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, फंक्शन ३२ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक परत देते. वाचन जमले तर ० ते २५५ मधला आकडा येतो, फसले तर ऋण एरर कोड येतो. आमच्या ड्रायव्हरने तो आकडा ८ बिटांच्या चिन्हरहित व्हेरिएबलमध्ये ठेवला होता; तिथे उणे ६ चा २५० होतो. खालच्याच ओळीत ‘शून्यापेक्षा लहान असेल तर परत जा’ अशी तपासणीही होती, पण चिन्हरहित आकडा शून्यापेक्षा लहान कधीच होत नाही. जादा वॉर्निंग चालू केल्याशिवाय कंपायलरही त्याबद्दल बोलत नाही. त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्याला तपासणी दिसली आणि तो पुढे गेला. तो रिव्ह्यू मीच केला होता.

त्यानंतर आम्ही आमचे पाचही ड्रायव्हर उघडून बसलो. एका फंक्शनमध्ये यश म्हणजे ०, दुसऱ्यात यश म्हणजे १. तीन ठिकाणी नुसता उणे १ परत दिलेला. मेमरी मिळाली नाही, डिव्हाइस सापडले नाही, वेळ संपली, काहीही झाले तरी ईइन्व्हॅल (‘दिलेली माहिती अवैध’) परत देणारे एक फंक्शन तर सगळ्यांत जास्त वापरातले आहे. आता संपूर्ण टीमसाठी लेखी नियम करायचा आहे. तुम्ही कोणती शिस्त पाळता, आणि ती पाळताना कुठे अडता, हे कृपया सविस्तर लिहावे.

पाषाण_तलाव · शनिवार, रात्री ११.४०

तुमची वजाबाकी वाचून अंगावर काटा आला, कारण अशीच चूक मी एका बॅटरीच्या ड्रायव्हरमध्ये पाहिली आहे. तिथे चार्जची टक्केवारी म्हणून २५१ दिसत असे. २५६ वजा ५. आणि ५ म्हणजे ईआयओ, म्हणजे वाचन-लेखनातला बिघाड.

नियम लिहायला बसाल तेव्हा पहिला नियम रिटर्न व्हॅल्यूच्या प्रकाराबद्दल असू द्या, कोडच्या नावाबद्दल नको. जे फंक्शन ऋण कोड देऊ शकते त्याचे उत्तर चिन्हासहित ‘इंट’मध्येच घ्यावे, तपासावे आणि मगच लहान व्हेरिएबलमध्ये उतरवावे. इंटरप्टचा (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेचा) नंबर मिळवणाऱ्या फंक्शनबाबतही नेमके हेच घडते : तो नंबर चिन्हरहित व्हेरिएबलमध्ये घेतला, की अपयशाची तपासणी निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट उणे १ ची. पुष्कळांना वाटते, की उणे १ म्हणजे ‘काहीतरी चुकले’ अशी सर्वसाधारण खूण आहे. कर्नलमध्ये तसे नाही. १ हा ईपर्म आहे, आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उमटते. सेन्सरची तार निघालेली असते आणि साइटवरचा इंजिनिअर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन करून परवानग्या तपासत बसतो. असे दोन दिवस गेलेले मी स्वतः पाहिले आहेत.

यशाच्या खुणेबद्दल कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात स्पष्ट मार्गदर्शन आहे. फंक्शनचे नाव एखादी आज्ञा किंवा कृती असेल, तर ० म्हणजे यश आणि ऋण म्हणजे एरर. नाव जर होय-नाही असा प्रश्न असेल, तर उत्तर खरे किंवा खोटे. ‘काम जोडा’ ही कृती आहे, ‘डिव्हाइस आहे का’ हा प्रश्न आहे. एवढे एक पाळले तरी तुमच्या ० आणि १ च्या गोंधळातला बराच भाग आपोआप सुटेल, कारण नाव वाचूनच कळेल की उत्तर कसे तपासायचे.

मात्र कर्नलमध्येच काही फंक्शने या चौकटीत बसत नाहीत आणि ती तोंडपाठ असावी लागतात. युजर स्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामकडून, डेटा उचलणारे ‘कॉपी फ्रॉम युजर’ हे फंक्शन एरर देतच नाही. जेवढे बाइट उचलता आले नाहीत त्यांची संख्या देते. ते जसेच्या तसे परत केले, तर आयओसीटीएल (प्रोग्रामने ड्रायव्हरला आज्ञा देण्याचा) कॉल फसूनही वरच्या प्रोग्रामला धन आकडा मिळतो आणि तो यश समजून पुढे जातो. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आले, की ईफॉल्ट (‘पत्ता चुकीचा’) द्यायचा. ठराविक वेळ थांबून वाट पाहणारी फंक्शनेही निराळीच : त्यांच्याकडे ० म्हणजे वेळ संपली. तिथे ‘० म्हणजे यश’ ही सवय घात करते.

पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देणाऱ्या फंक्शनांचे तर दोन वेगळे पंथच आहेत. एका पंथात अपयश म्हणजे नल, म्हणजे रिकामा पत्ता. दुसऱ्यात एरर कोड पॉइंटरमध्येच गुंडाळलेला असतो; पत्त्यांच्या शेवटच्या ४०९५ जागा त्यासाठी राखून ठेवल्या आहेत आणि तो ‘इज एर’ने तपासायचा असतो. हार्डवेअरची रजिस्टरे मेमरीच्या पत्त्यावर आणून देणाऱ्या फंक्शनांपैकी ‘डेव्हएम आयओरीमॅप’ नल देतो आणि ‘डेव्हएम आयओरीमॅप रिसोर्स’ गुंडाळलेला कोड देतो. नावात एका शब्दाचा फरक आहे, पण तपासणी पूर्ण वेगळी. पहिल्यावर ‘इज एर’ लावला तर नल त्यातून सहीसलामत निसटतो, आणि ड्रायव्हर रजिस्टर वाचायला गेला की कर्नल कोसळतो.

दोन्ही पंथांना पुरून उरावे म्हणून काही जण ‘इज एर ऑर नल’ सगळीकडे लावतात. तसे करू नका. नल आला आणि त्यातून कोड काढून परत दिला, तर तो कोड ० निघतो, म्हणजे अपयश यश बनून वर जाते. कोणते फंक्शन कोणत्या पंथातले, हे प्रत्येक वेळी उघडून पाहावे. त्याला दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

कर्वेनगर_शिकाऊ · रविवार, सकाळी ८.०५

सर, मी सध्या एम्बेडेडचा कोर्स करते आहे. आम्हाला लॅबमध्ये सांगितले जाते, की ड्रायव्हर फसला की लॉगमध्ये स्पष्ट वाक्य छापा. जर लॉगमध्ये ‘मेमरी मिळाली नाही’ असे लिहिलेलेच आहे, तर वर ईनोमेम (‘मेमरी नाही’) जातो की ईइन्व्हॅल, याने प्रत्यक्षात काय बिघडते? हा प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमस्व.

औंध_रात्रपाळी · रविवार, सकाळी १०.३०

प्रश्न मुळीच बाळबोध नाही, ताई. या धाग्याचा गाभाच तुम्ही विचारला आहे. लॉग माणसासाठी असतो. एरर कोड वाचणारे पहिले वाचक हे कोडच असते, आणि ते त्यावर निर्णय घेते. तीन उदाहरणे देतो.

पहिले, प्रोबचे, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसचा ताबा घेतो त्या पायरीचे. ड्रायव्हर लोड होताना त्याला लागणारा रेग्युलेटर (वीज देणारा) किंवा क्लॉक (ठोके देणारा) अजून तयार नसेल, तर ते देणारे फंक्शन ५१७ हा कोड देते, ईप्रोब-डिफर. लिनक्स ३.४ पासून ही सोय आहे. हा कोड वर पोचला, की कर्नल त्या डिव्हाइसला रांगेत ठेवतो आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतो. मधल्या कोणी तो बदलून ईइन्व्हॅल केला, तर पुन्हा प्रयत्न होतच नाही. मग काही बूटमध्ये डिव्हाइस दिसते, काहींत दिसत नाही, आणि लोक पॉवर सप्लायवर संशय घेतात. एका बोर्डाबाबत मी स्वतः दोन आठवडे याच संशयात काढले.

दुसरे उदाहरण कमी लोकांना ठाऊक असते. प्रोबने ईनोडेव्ह (‘असे डिव्हाइस नाही’) किंवा ईएनएक्सआयओ दिला, तर कर्नल त्याचा अर्थ ‘हे डिव्हाइस या ड्रायव्हरचे नाही’ असा घेतो आणि नेहमीचा ‘प्रोब फसला’ हा संदेश छापत नाही. इतर कोड आले तर मात्र छापतो. म्हणजे मेमरी मिळाली नाही म्हणून एखाद्याने सवयीने ईनोडेव्ह दिला आणि स्वतः काही छापले नाही, तर अपयशाचा मागमूसही उरत नाही.

तिसरे, सिग्नलचे. वाट पाहत असताना वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबले, तर आतून ५१२ येतो, ईरिस्टार्टसिस. तो तसाच वर दिला तर कर्नल परिस्थिती पाहून कॉल पुन्हा सुरू करतो किंवा ईइन्टर (‘मध्येच थांबवले’) देतो. ड्रायव्हरने त्याचे ईआयओ केले, तर माणसाने स्वतः थांबवलेले काम हार्डवेअरचा बिघाड म्हणून नोंदले जाते.

आता पाषाणकर सरांच्या लिखाणात एक भर घालतो. ‘खालून आलेला कोड न बदलता वर द्या’ हा नियम नव्वद टक्के ठिकाणी बरोबर आहे, पण उंबरठ्यावर भाषांतर करावेच लागते. ५१२ आणि त्यापुढचे कोड कर्नलच्या घरातले आहेत; ते युजर स्पेसला दिसता कामा नयेत. ५२४ हा ईनॉटसप (‘ही सोय नाही’) असाच आहे. तो वर निसटला तर प्रोग्राम ‘अननोन एरर ५२४’ असे छापतो, कारण सी लायब्ररीला तो माहीतच नाही. तिथे ९५ क्रमांकाचा ईओपीनॉटसप हवा. दोन्ही नावे इतकी जवळची आहेत, की रिव्ह्यूमध्ये सहज सुटतात. अनोळखी आयओसीटीएलला ईइन्व्हॅल न देता ईनॉटटीटीवाय (‘ही आज्ञा या डिव्हाइसला लागू नाही’) द्यायचा, हीदेखील अशीच जुनी पण पक्की रीत आहे.

यूएसबीमध्ये एन्डपॉइंट (डिव्हाइसमधले डेटाचे टोक) स्टॉल झाला, म्हणजे अडला, तर ईपाइप येतो. यूएसबीच्या आत त्याला नेमका अर्थ आहे, पण वरच्या प्रोग्रामला ‘ब्रोकन पाइप’ दिसते आणि तो सॉकेट तुटला की काय ते शोधतो. अशा जागी भाषांतर करणे ही ड्रायव्हरचीच जबाबदारी आहे. मूळ कोड मात्र त्याआधी लॉगमध्ये गेलेला असावा. कर्नल ५.५ पासून छापण्याचा एक प्रकार आहे, टक्क्याच्या खुणेपुढे पी आणि ई, ज्याने आकड्याऐवजी कोडचे नाव छापता येते. तो जरूर वापरा. उणे ११० चा अर्थ साइटवर कोणाला पाठ असणार? शिवाय हे आकडे सगळ्या प्रोसेसरवर एकसारखेही नाहीत. मिप्स जातीच्या प्रोसेसरवर ईटाइमडआउट १४५ आहे.

मगरपट्टा_एनटी · रविवार, दुपारी ३.२०

मी विंडोजच्या ड्रायव्हरवर काम करतो, म्हणून थोडी वेगळी बाजू. तिथे एनटीस्टेटस हा निकाल सांगणारा ३२ बिटांचा आकडा असतो आणि त्याच्या वरच्या दोन बिटांत गांभीर्य लिहिलेले असते : यश, माहिती, इशारा किंवा एरर. ‘एनटी सक्सेस’ नावाचा मॅक्रो फक्त चिन्ह पाहतो. शून्य किंवा धन असेल तर यश.

नवीन माणूस अडखळतो ते ‘स्टेटस पेंडिंग’वर, म्हणजे काम अजून बाकी असल्याच्या खुणेवर. त्याची किंमत २५९, म्हणजे धन. खालच्या ड्रायव्हरकडे रिक्वेस्ट पाठवली, पेंडिंग आले, मॅक्रोने यश म्हटले, आणि पठ्ठ्याने बफर (डेटा येऊन पडण्याची जागा) वाचायला घेतला. डेटा अजून आलेलाच नाही. लहान यंत्रावर हे खपून जाते, कारण उत्तर लगेच येते. लोड वाढला, की कचरा वाचला जातो.

दुसरे टोक इशाऱ्याचे. ‘बफर ओव्हरफ्लो’ हा स्टेटस इशाऱ्याच्या गटात आहे. मॅक्रो त्याला यश म्हणत नाही, तरी बफर्ड पद्धतीत जेवढा डेटा मावला तेवढा वापरणाऱ्याला पोचवला जातो आणि प्रोग्रामला ‘अजून डेटा आहे’ असा अर्थ मिळतो. तिथे एखाद्याने सगळे अपयश सारखेच धरून सरसकट ‘अनसक्सेसफुल’ दिले, तर तो एररच्या गटात असल्यामुळे आलेला डेटाही वर जात नाही. म्हणजे विंडोजमध्ये कोड चुकीचा निवडला, तर डेटा पोचतो की नाही हेच बदलते. ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडून हे उत्तर.

दोन्ही सिस्टिमवर चालणारा सामायिक कोड असेल, तर सीमेवर एकच तक्ता ठेवा आणि भाषांतर फक्त तिथेच करा. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक फाइलमध्ये आपापला तक्ता होता, आणि ईबिझीचे (‘डिव्हाइस गुंतलेले’) तीन वेगवेगळे अर्थ तयार झाले होते.

भोसरी_बोर्ड · रविवार, रात्री ९.००

सर्वांचे मनापासून आभार. आजचा दिवस याच कामात गेला. औंधकर, तुमचे प्रोबचे उदाहरण वाचून आमचा डिस्प्लेचा ड्रायव्हर उघडला. रीसेटची पिन ऐच्छिक आहे, म्हणून ती मागताना आलेला कोणताही एरर ‘पिन नसेल’ असे समजून सोडून दिला होता. ऐच्छिक पिन मागण्याचे वेगळे फंक्शन आहे, जे पिन नसेल तर नल देते आणि खरी अडचण असेल तरच कोड देते, हे आम्हाला माहीत असूनही वापरलेले नव्हते. थंडीत सकाळी पहिल्या बूटला स्क्रीन कोरी राहते, ही आमची जुनी तक्रार बहुधा इथलीच, तपासून सांगतो.

आणखी एक प्रश्न. प्रोबमध्ये पाच-सहा गोष्टी एकामागून एक घ्यायच्या आणि मध्येच फसले तर उलट्या क्रमाने सोडायच्या, यासाठी आम्ही शेवटी लेबले ठेवून गोटू (थेट त्या लेबलावर उडी) वापरतो. ही रीत ठेवावी का?

चिंचवड_चाचणी · सोमवार, सकाळी ७.१०

गोटूची रीत कर्नलमध्ये मान्यच आहे, पण तिच्यातला एक सापळा मी टेस्टिंगमध्ये इतक्यांदा पकडला आहे, की त्यावरच लिहिते. पहिली पायरी जमली, तेव्हा ‘रेट’ या व्हेरिएबलमध्ये ० आला. दुसऱ्या पायरीत मेमरी मागितली, नल आला, आणि ‘रेट’मध्ये ईनोमेम न घालताच गोटू झाला. खाली सगळे नीट सोडले गेले, आणि शेवटी ‘रेट’ परत दिला, तो ०. कर्नलला वाटले प्रोब यशस्वी झाला. डिव्हाइस फाइल तयार आहे, आतली मेमरी सोडलेली आहे. मग कोणीतरी अर्ध्या तासाने ती फाइल उघडतो आणि यंत्र पडते, तेव्हा दोष उघडणाऱ्या प्रोग्रामवर जातो. स्मॅच नावाचे साधन अशा जागा शोधून देते. ते बिल्डमध्ये लावून घ्या. ‘डेव्हएम’ फंक्शने वापरली तर सोडण्याचे काम कर्नलच करतो आणि निम्मी लेबले उरतच नाहीत.

पण साधनांवर थांबू नका. एररची वाट ही कोडमधली सर्वांत कमी चाललेली वाट असते, तिच्यावरून मुद्दाम चालावे लागते. कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शनची, म्हणजे मुद्दाम बिघाड घडवण्याची, सोय आहे. मेमरीची मागणी ठराविक प्रमाणात फसवता येते. आयटूसीसाठी तर जीपीआयओवर (प्रोसेसरच्या साध्या पिनांवर) चालणाऱ्या बसमध्ये मुद्दाम बिघाड घालण्याची वेगळी सोयही आहे. मी प्रत्येक ड्रायव्हरला एवढे तरी करते : पहिली मागणी फसव, दुसरी फसव, तिसरी फसव, आणि दर वेळी तीन गोष्टी पाहा. वर कोणता कोड आला, काही सुटायचे राहिले का, आणि लगेच पुन्हा बाइंड केले (डिव्हाइसला जोडले) तर ड्रायव्हर उभा राहतो का. तिसऱ्या पाहणीत सर्वाधिक चुका सापडतात.

आणि तुमच्या बोर्डापुरते सांगायचे, तर सेन्सरची तार हाताने काढून पाहा. दोन महिन्यांपूर्वी ही एक टेस्ट झाली असती, तर २५० लॅबमध्येच दिसले असते.

भोसरी_बोर्ड · गुरुवार, रात्री ८.४५

चिंचवडकर ताई, तार काढून पाहिली. नव्या ड्रायव्हरमध्ये तापमानाची फाइल वाचताना आकडा येत नाही, ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’ असे येते. तार पुन्हा लावली, की पुढचे वाचन ४० अंश. उणे १ च्या तिन्ही जागा गेल्या. सगळीकडे ईइन्व्हॅल देणारे फंक्शन आता खालचा कोड तसाच वर देते. तेवढ्याने वरच्या प्रोग्राममधले दोन ‘पुन्हा प्रयत्न करा’चे लूप निरर्थक होते हे उघड झाले, कारण ते वायरिंग तुटलेली असतानाही दहा दहा वेळा वाचत बसत. आता पुन्हा प्रयत्न फक्त ईअगेनवर, म्हणजे बसवर दुसऱ्याचा नंबर लागला असेल तेव्हाच.

यानंतर एक प्रश्न असा उरला, जो आधी दिसतच नव्हता : सेन्सर बोलत नसेल तर यंत्राने काय करावे? पूर्वी चुकून का होईना, ते थांबत होते. आता एरर निव्वळ दुर्लक्षित झाला तर ते खरोखर तापले तरी चालत राहील. ग्राहकाशी बोलून ठरवले, की सलग तीन वाचने फसली तर चालू जॉब पूर्ण करून यंत्र थांबवायचे आणि पडद्यावर ‘तापमान सेन्सरशी संपर्क नाही’ असे दाखवायचे.

नवी आवृत्ती मंगळवारी चाकणला टाकली. काल दुपारी तो संदेश आला. मेंटेनन्सच्या त्याच माणसाने या वेळी पंख्याला हात लावला नाही. तो सरळ सेन्सरच्या केबलकडे गेला. कनेक्टरमधली एक पिन नीट क्रिम्प झालेली (तारेवर दाबून बसलेली) नव्हती आणि शेजारचा प्रेस चालू झाला, की हादऱ्याने ती मागे सरकत होती. त्याला ती सापडायला दहा मिनिटे लागली. केबल बदलताना तो कनेक्टर आम्ही त्यांच्याकडून मागून आणला आहे.